जपानच्या नागानो प्रांतात स्थानिक बिअर: काय शोधावे, कशी चाखावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक दांपत्य ऑक्टोबरमध्ये जपानला जात आहे. तोक्यो आणि क्योतो यांच्यामधले चार-पाच दिवस मोकळे असून ते एखाद्या प्रदेशात स्थानिक क्राफ्ट बिअर चाखत घालवावेत, असा त्यांचा विचार आहे. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींमधली गव्हाची बिअर दोघांच्याही परिचयाची आहे. पत्नी शाकाहारी आहेत, गाडी भाड्याने घ्यावी की नाही हे ठरलेले नाही आणि परतताना काही बाटल्या आणायच्या आहेत. बिअर बनवणे हाच माझा व्यवसाय असून त्यानिमित्ताने जपानमधल्या लहान ब्रुअरींत माझे जाणे-येणे असते, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

पहिला सल्ला असा, की ब्रुअरींची लांबलचक यादी घेऊन निघू नका. जपानमध्ये आज शेकडो लहान ब्रुअरी आहेत. चार दिवसांत डझनभर ठिकाणे उरकून येणारे प्रवासी मला नेहमी भेटतात, आणि त्यांना विचारले तर शेवटच्या निम्म्या ठिकाणांची चव त्यांना आठवत नसते. एका दिवसाला एकच ब्रुअरी, तिथे दोन किंवा फार तर तीन लहान पेले, आणि उरलेला वेळ त्या गावाचे पाणी, शेती आणि जेवण पाहण्यात, असा हिशेब ठेवावा. याचे कारण केवळ तब्येतीचे नाही. जपानी बिअरमधले 'स्थानिक' म्हणून जे काही असते ते पुष्कळदा पेल्यात नसून पेल्याच्या आसपास असते, आणि ते दिसायला वेळ द्यावा लागतो.

हे विधान जरा स्पष्ट करतो. १९९४ पूर्वी जपानमध्ये बिअरचा परवाना हवा असेल तर वर्षाला किमान २,००० किलोलिटर, म्हणजे २० लाख लिटर, उत्पादन करावे लागे. साहजिकच असाही, किरिन, साप्पोरो आणि सनतोरी ही चार मोठी घराणी आणि ओकिनावातील ओरिऑन सोडली तर या धंद्यात कोणी नव्हते. त्या वर्षी कायदा बदलला, ही अट ६० किलोलिटरवर आली आणि १९९५ च्या सुरुवातीला निइगाता प्रांतात एचिगो बिअर सुरू झाली. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे ३०० ब्रुअरी निघाल्या. त्या काढणाऱ्यांत साके या तांदळाच्या मद्याचे पिढीजात कारखानदार होते, गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे होती आणि पर्यटक यावेत म्हणून नगरपालिकांच्या भागीदारीत उभ्या केलेल्या कंपन्याही होत्या. या बिअरला 'जी-बीरु', म्हणजे त्या त्या गावची बिअर, असे नाव पडले. तिच्यातली बरीचशी महाग आणि बेताची निघाली. सहलीला गेलेल्याने घरच्यांसाठी एकदा न्यावी आणि पुन्हा विचारू नये अशी. थोड्याच वर्षांत अनेकांनी गाशा गुंडाळला. पुढे २०१० च्या सुमारास जी दुसरी लाट आली तिने 'क्राफ्ट बीरु' हे नाव घेतले. मला विचाराल तर पहिल्या लाटेतून तगून राहिलेली ब्रुअरी आणि तिच्या शेजारी नव्याने निघालेले टॅपरूम, म्हणजे नळावरची ताजी बिअर देणारे ठिकाण, अशी दोन्ही एकाच प्रवासात पाहावीत, कारण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा असतो. जुन्या ठिकाणी जर्मन पद्धतीची पिल्स्नर, वाइत्झेन ही गव्हाची बिअर आणि काळी बिअर नेटकी मिळते. नव्या ठिकाणी अमेरिकी पद्धतीच्या, हॉपने (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलाच्या बोंडांनी) भरलेल्या, धूसर रंगाच्या आयपीए या कडवट बिअरचा भर असतो.

आता कच्च्या मालाविषयी. जपानी लहान ब्रुअरीत वापरले जाणारे जवाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बहुतांशी परदेशातून येते आणि हॉपचेही तेच आहे. देशात पिकणारा हॉप मुख्यतः ईशान्येकडच्या तोहोकू भागात आणि होक्काइदोत होतो, आणि तो बराचसा मोठ्या कंपन्यांच्या कराराने पिकतो. तेव्हा बाटलीवर डोंगराचे चित्र आहे म्हणून आतले सगळे त्या डोंगरावरचे आहे असे समजू नये. स्थानिक असते ते पाणी. जपानचे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असल्यामुळे फिकट लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, तिथे सहज साधते, आणि कडवट इंग्लिश पद्धतीच्या बिअरसाठी ब्रुअरला पाण्यात क्षार घालावे लागतात. कधी स्थानिक असतो तांदूळ, कधी सफरचंद, कधी युझू नावाचे लिंबू किंवा सान्शो ही मिरीच्या जातीची वाटणारी पण जिभेला झिणझिण्या आणणारी फळे. पण सर्वांत जास्त स्थानिक असतो तो तिथल्या लोकांचा जेवणाचा प्रकार. ज्या गावात संध्याकाळी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, आणि लोणची खातात तिथल्या ब्रुअरला फार गोड बिअर चालवता येत नाही.

मार्गाचा विचार करता आपल्याला नागानो प्रांत सर्वांत सोयीचा पडेल. तोक्योहून होकुरिकु शिन्कान्सेनने दीड तासाच्या आसपास नागानो शहर येते. तिथून 'शिनानो' ही एक्स्प्रेस मात्सुमोतो आणि किसोच्या खोऱ्यातून थेट नागोयाला उतरते आणि नागोयाहून क्योतो जवळच आहे. म्हणजे मागे फिरावे न लागता डोंगरी भाग ओलांडून होतो. या प्रांताचे जुने नाव शिन्शू. एके काळी इथे हॉपची मोठी लागवड होती आणि 'शिन्शू वासे' या जुन्या जपानी हॉपच्या जातीने ते नाव जपून ठेवले आहे.

इथे माझ्या मते एकच ठिकाण असे आहे की जे वेळात वेळ काढून पाहावे, आणि ते म्हणजे यामानोउची गावातली शिगा कोगेन बिअर. नागानो स्टेशनच्या भुयारी फलाटावरून नागानो देन्तेत्सु या खासगी रेल्वेची जलद गाडी पाऊण तासात युदानाका या शेवटच्या स्टेशनावर सोडते. तिथून शिबु ओन्सेन हे दगडी गल्ल्यांचे झऱ्यांचे गाव जवळच आहे. बर्फात गरम पाण्यात बसलेल्या माकडांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. ती जागा याच परिसरात आहे, मात्र ऑक्टोबरमध्ये माकडांना पाण्यात उतरायची फारशी निकड नसते, हे आधीच सांगून ठेवतो. शिगा कोगेन बिअर काढणारे तामामुरा होन्तेन हे घराणे १८०५ पासून साके बनवते आणि २००४ पासून बिअर. साकेचा कारखानदार बिअरकडे वळणे यात नवल नाही, पण या घराण्याने स्वतःचा हॉप लावला, जव लावला आणि साकेचा तांदूळही स्वतः पिकवायला घेतला. पिकवलेले सगळ्या उत्पादनाला पुरते असे नाही. तरीही आपण जे वापरतो ते शेतात कसे उगवते हे ठाऊक असलेला ब्रुअर आणि पोती उघडून काम करणारा ब्रुअर यांच्या हातात फरक पडतो, असे मला या धंद्यात राहून वाटू लागले आहे.

तिथे गेल्यावर मियामा ब्लॉन्ड मागावी. तिच्यात 'मियामा निशिकी' हा नागानोत विकसित झालेला साकेचा तांदूळ घातलेला असतो. बिअरमध्ये तांदूळ म्हटले की काटकसर, असा आपला समज असतो आणि मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत तो अगदीच चुकीचा नाही. इथे मात्र तांदळाचे काम वेगळे आहे. तांदळाच्या पिष्टातून यीस्टला खायला भरपूर साखर मिळते, पण जवाच्या माल्टबरोबर येणारी प्रथिने आणि बिस्किटासारखी चव त्याच्यातून येत नाही, त्यामुळे मद्यार्क वाढूनही बिअर अंगाने हलकी आणि शेवटी कोरडी राहते. पेला आला की लगेच ओठाला लावू नका. आधी नाकाजवळ धरा. मला तिच्यात संत्र्याच्या सालीचा आणि मागून किंचित मिरीचा वास येतो. पहिला घोट लहान घ्या आणि गिळल्यानंतर दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. गोडवा जिभेवर येऊन चटकन निघून जातो आणि मागे एक स्वच्छ, थोडा कडसर कोरडेपणा उरतो. ही बिअर ७ टक्क्यांची आहे, हे त्या कोरडेपणामुळे कळत नाही आणि नेमकी तिथेच माणसाची फसगत होते. त्यानंतर त्यांची हाउस आयपीए घ्यायची असेल तर लहान पेला घ्यावा, कारण तीही तगडी आहे. सकाळी माकडे, दुपारी बिअर, संध्याकाळी झऱ्यात स्नान, असा बेत लोक करतात. मी स्नान आधी आणि बिअर नंतर असे सुचवेन. पिऊन चाळीस अंशांच्या पाण्यात बसल्याने रक्तदाब घसरून भोवळ येण्याच्या घटना घडतात आणि अनेक स्नानगृहांत तशा सूचनाही लावलेल्या असतात.

प्रांतातली बाकीची ठिकाणे थोडक्यात सांगतो. कारुइझावा आणि साकू परिसरातल्या यो-हो ब्रुइंगची योना योना एल अतिशय चांगली आहे, पण तिचे डबे देशभरच्या किराणा आणि कॉम्बिनी, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या, दुकानांत मिळतात, तेव्हा तिच्यासाठी दिवस खर्च करू नये. हॉटेलच्या खोलीत प्यावी. याच कंपनीच्या एका आयपीएच्या डब्यावर निळा राक्षस आहे आणि नावात भारत आहे, कारण आयपीए ही ब्रिटिश काळात आपल्याकडे जहाजाने येणारी हॉपबहुल बिअर. पुण्याच्या माणसाने तो डबा एकदा तरी विकत घ्यावाच. तोमी गावातली ओराहो बिअर ही १९९६ मधली, पहिल्या लाटेतली ब्रुअरी आहे. गरम पाण्याच्या झऱ्याच्या जोडीने सुरू झालेल्या ब्रुअरींचे ते चांगले उदाहरण. दक्षिणेला कोमागानेजवळच्या मियादा गावात मिनामी शिन्शू बिअर आणि मार्स व्हिस्कीची भट्टी एकाच आवारात, मध्य आल्प्सच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहेत आणि तिथे सफरचंदाचा रस घातलेली बिअर मिळते. मात्र तिथे जाणारी ईदा रेल्वेशाखा अतिशय संथ आहे, त्यामुळे चार दिवसांत ती बसवायचा अट्टहास करू नये. नोझावा ओन्सेनमध्ये एका ब्रिटिश-जपानी दांपत्याने सुरू केलेल्या ब्रुअरीचा लिबुशी नावाचा बार आहे. स्कीच्या हंगामात तो गजबजलेला असतो. मात्सुमोतोचा मुक्काम मात्र जरूर करावा. किल्ल्याजवळच्या नाकामाची या जुन्या पांढऱ्या-काळ्या कोठारांच्या रस्त्यावर मात्सुमोतो ब्रुअरीचे टॅपरूम आहे, आणि शहरात जागोजागी झऱ्याच्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या विहिरींचे पाणी आधी ओंजळभर पिऊन पाहा आणि मग तिथली फिकट बिअर घ्या.

चाखण्याच्या पद्धतीबद्दल एक सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे: फिकट रंगापासून गडद रंगाकडे जावे. हा नियम मला पटत नाही. रंग हा भाजलेल्या माल्टमुळे येतो आणि त्याचा जोराशी संबंध असतोच असे नाही. साडेचार टक्क्यांची काळी पोर्टर ही सात टक्क्यांच्या सोनेरी आयपीएपेक्षा कितीतरी सौम्य असते आणि आयपीएनंतर ती घेतली तर पाण्यासारखी लागते. म्हणून क्रम लावायचा तो कडवटपणाने आणि मद्यार्काने लावावा; दोन्ही आकडे बहुधा फळ्यावर लिहिलेले असतात. आंबट बिअर आणि धूर दिलेल्या माल्टची बिअर सगळ्यांत शेवटी.

दुसरे, 'नोमिकुराबे' म्हणजे चार-पाच लहान पेल्यांचा एकत्र संच बहुतेक ठिकाणी मिळतो. दिसायला तो मोहक असतो, पण पाचव्या पेल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला वायू निघून गेलेला असतो आणि फेस बसलेला असतो, म्हणजे शेवटच्या बिअरवर आपण अन्याय करतो. दोघे आहात, तर दोन वेगळ्या बिअरचे लहान पेले मागवावेत, शेजारी ठेवून आलटून पालटून चाखावेत आणि संपल्यावर पुढचे दोन मागवावेत. तुलना नेहमी दोघींचीच चांगली होते. लहान पेला साधारण पाव लिटरचा असतो आणि त्याला ६०० ते ९०० येन पडतात. मोठा पेला म्हणजे पाइंट १,००० ते १,४०० येनपर्यंत जातो. पेला फार थंड आला तर दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटे थांबावे. बर्फासारख्या थंड लागरची सवय मोठ्या कंपन्यांनी लावली आहे, आणि त्या बिअरला ती शोभते, पण एल पद्धतीच्या, म्हणजे लागरपेक्षा उबदार ठिकाणी आंबवलेल्या, बिअरमधला वास दहा अंशांच्या आसपास उघडतो. वरच्या फेसाबद्दल तक्रार करू नये. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांच्या बिअरसाठी सात भाग बिअर आणि तीन भाग फेस हे आदर्श प्रमाण मानतात. आपल्याकडे 'फेस कमी कर रे' म्हणण्याची जी सवय आहे ती तिथे सोडून द्यावी. दोन बिअरच्या मध्ये साधे पाणी प्यावे. चकणा म्हणून तिखट वासाबीचे वाटाणे घेतले की पुढचा अर्धा तास जिभेला काही कळत नाही.

किती प्यावी याचा हिशेब तिथे ग्रॅममध्ये करतात आणि तो मला सोयीचा वाटतो. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला पुरुषाने ४० आणि स्त्रीने २० ग्रॅमच्या वर गेले की जीवनशैलीच्या आजारांचा धोका वाढतो. मियामा ब्लॉन्डचे पाव लिटरचे दोन पेले म्हणजे २८ ग्रॅम, हे लक्षात घेतले की 'दोन लहान पेले' हा आकडा मी का दिला ते कळेल.

दुकानातून बाटली किंवा डबा घेताना लेबल वाचायला थोडी मदत लागेल, ती फोनच्या कॅमेऱ्याने होते. तीन गोष्टी पाहाव्यात. 'योरेइझो' असे लिहिले असेल तर ती बिअर कायम थंड ठेवायची आहे. आणि अशी बिअर एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानात उघड्या मांडणीवर, दिव्याखाली ठेवलेली दिसली तर घेऊ नये. 'शोमी किगेन' ही चांगली राहण्याची शेवटची तारीख. हॉपबहुल बिअरला मी त्या तारखेपेक्षा बनवल्याच्या तारखेला जास्त मानतो आणि शक्यतो दोन महिन्यांच्या आतली घेतो. जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, उन्हात राहिलेलीला एक घाणेरडा, जंगली मांजरासारखा दर्प येतो. हे दोष ब्रुअरचे नसून बहुधा दुकानदाराचे असतात. तिसरी गोष्ट म्हणजे 'हाप्पोशु' हा शब्द. तो करासाठी केलेला प्रकार आहे. माल्टचे प्रमाण कमी किंवा कायद्याच्या यादीत न बसणारे घटक असतील तर बिअरला बिअर म्हणता येत नाही. २०१८ च्या एप्रिलपर्यंत माल्ट दोन तृतीयांश असावे लागे, नंतर ते निम्म्यावर आणले गेले आणि फळे, धणे यांसारख्या गोष्टी माल्टच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत चालू लागल्या. मोठ्या कंपन्यांची हाप्पोशु ही कर वाचवण्यासाठी केलेली स्वस्त बिअर असते, म्हणून जपानी माणूसही या शब्दाला नाक मुरडतो. लहान ब्रुअरीच्या बाटलीवर तो दिसला तर मात्र बहुधा आत भरपूर फळ किंवा कंद असतो. कावागोएच्या कोएदो ब्रुअरीची बेनिआका ही रताळ्याची बिअर याचे उत्तम उदाहरण आहे आणि कावागोए तोक्योहून अर्ध्या-पाऊण तासावर असल्याने आपल्याला पहिल्याच दिवशी ती चाखता येईल. गव्हाची बिअर आवडते म्हणता, तर तोक्योतच हिताचिनो नेस्ट व्हाइट एलही शोधा. इबाराकीतल्या किउची या १८२३ पासूनच्या साके घराण्याची ती बिअर आहे आणि संत्र्याची साल व धणे यांचा तोल तिच्यात फार सुरेख आहे.

शाकाहाराचा प्रश्न बिअरपेक्षा जेवणाचा आहे. शिजवलेली भाजी, टोफूवरचा रस, सोबाचा रस्सा या सगळ्यांत बहुधा बोनिटो माशाचा अर्क असतो आणि वरून त्याच माशाच्या पातळ चकत्या भुरभुरतात. थंड टोफू मागताना 'कात्सुओबुशी नाशी दे' म्हणावे, म्हणजे त्या चकत्या टाळता येतात. इझाकायात, म्हणजे मद्याबरोबर छोटे पदार्थ देणाऱ्या जपानी खानावळीत, बसताच न मागता एक लहान वाटी येते आणि तिचे माणशी ३०० ते ५०० येन बिलात लागतात. ती 'ओतोशी' म्हणजे बसण्याचा आकार समजावा, त्यात मासा असण्याची शक्यता मोठी, म्हणून आत शिरतानाच सांगितलेले बरे. निव्वळ टॅपरूममध्ये सहसा ओतोशी नसते. सुदैवाने नागानो हा शाकाहाऱ्यांना त्यातल्या त्यात सुखाचा प्रांत आहे. ओयाकी नावाचे गव्हाच्या, कधी कुट्टूच्या पिठाचे भाजलेले गोळे सर्वत्र मिळतात. आत नोझावाना ही पालेभाजी, भोपळा किंवा मिसो लावलेले वांगे असते. सारणाला लावलेल्या रसात मासा नाही ना, एवढे विचारावे. वांग्याचा ओयाकी आणि भाजलेल्या माल्टची तपकिरी बिअर ही जोडी इतकी जमते की मी तिच्यासाठी बाकी सगळे पदार्थ सोडीन. झेन्कोजी देवळाभोवतीच्या धर्मशाळांमध्ये भिक्षूंचे शोजिन र्योरी हे पूर्ण शाकाहारी जेवण आगाऊ सांगून मिळते. देवळाच्या रस्त्यावर यावाताया इसोगोरो या १७३६ पासूनच्या दुकानात सात जिनसांचा शिचिमी मसाला मिळतो. त्याची एक डबी खिशात ठेवावी; तळलेल्या बटाट्यांवर भुरभुरला की मराठी जिभेला हायसे वाटते. बिअरपुरते बोलायचे तर काही इंग्लिश पद्धतीच्या बिअर स्वच्छ करताना माशापासूनचा इझिंग्लास वापरतात आणि लेबलवर त्याचा उल्लेख असतोच असे नाही. काटेकोर पाळायचे असेल तर न गाळलेली, धूसर बिअर निवडून एकदा विचारून घ्यावे. ऑयस्टर स्टाउट या नावाच्या बिअरमध्ये खरोखर कालवे असू शकतात, तिथे नावावर विश्वास ठेवावा.

गाडी भाड्याने घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. जपानमध्ये श्वासातल्या मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि चालकाला प्यायला देणारा व तो प्यायला आहे हे माहीत असूनही त्याच्या गाडीत बसणारा असे दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. सायकलचे नियमही नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाले आहेत. दोघांपैकी एकाने न पिता गाडी चालवायची म्हटले तर त्याची सहल वाया जाते. रेल्वे आणि पायी चालणे यांत सगळे बसते, फक्त शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून ठेवावी, कारण डोंगराकडच्या गाड्या रात्री लवकर थांबतात. टॅपरूम बंद होण्याच्या साधारण अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर घेतात. मंगळवार किंवा बुधवार हा अनेक ठिकाणी सुट्टीचा वार असतो, काही ब्रुअरी केवळ शनिवार-रविवारी पेले भरतात, आणि कारखाना आतून पाहायचा असेल तर आगाऊ वेळ घ्यावी लागते. पिण्याचे कायदेशीर वय २० आहे. तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

काउंटरपाशी बसायला मिळाले तर टेबलाकडे जाऊ नये. 'ओसुसुमे वा?' असे विचारले की बहुतेक वेळा सर्वांत खपणारी बिअर पुढे येते. त्याऐवजी 'जिमोतो नो बीरु वा दोरे देस का', म्हणजे इथल्या भागातली बिअर कोणती, असे विचारावे, आणि पिंप नुकते उघडलेले कोणते तेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नावर ओतणाऱ्याचा चेहरा उजळतो, कारण त्याला आपण ताजेपणाची कदर करणारे वाटतो. मोठ्या शहरांतल्या 'नोमिहोदाई', म्हणजे ठरावीक वेळेत हवे तेवढे प्या, या योजनेत चांगली क्राफ्ट बिअर क्वचितच असते.

नागानोच्या ऐवजी दुसरा प्रदेश निवडायचा झाला तर हंगाम पाहावा. ऑगस्टच्या शेवटी जाणार असाल तर मी इवाते प्रांतातल्या तोनोला पाठवले असते. तिथे १९६३ पासून हॉप पिकतो; पाच मीटर उंच तारांवर चढलेले वेल मुळाजवळ कापून आख्खे खाली उतरवतात. त्यावरचे एक बोंड तोडून मधोमध फाडले तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड दिसते. ती बोटांवर चोळली की मोसंबे, गवत आणि राळ यांचा एकत्र वास येतो आणि बराच वेळ हाताला राहतो. बिअरचा कडवटपणा आणि वास दोन्ही त्या पुडीत असतात. त्याच प्रांतात मोरिओकाची बेरेन ही जर्मन पद्धतीची ब्रुअरी आहे आणि इचिनोसेकीची सेकिनोइची कालवांची स्टाउट आणि सान्शो घातलेली एल बनवते. ऑक्टोबरमध्ये हॉपचे मळे रिकामे असतात, पण ताज्या हॉपच्या बिअर मात्र त्याच सुमारास नळावर येतात, त्या नागानोतही शोधाव्यात. तोक्योजवळच राहायचे असेल तर इझू द्वीपकल्पातल्या शुझेन्जीची बेअर्ड ब्रुअरी उत्तम. २००० मध्ये नुमाझूच्या मासळी बंदराजवळ लहानशा जागेत सुरू झालेली ती ब्रुअरी आज नदीकाठी ऐसपैस उभी आहे. आणि नागोयाला उतरल्यावर एक दिवस हाताशी उरला, तर किन्तेत्सु रेल्वेने इसेला जावे. तिथली इसे कादोया बिअर १९९७ पासूनची असली तरी तिचे मूळ घर १५७५ पासून यात्रेकरूंना मोची, म्हणजे चिकट तांदळाची मिठाई, विकणारे आहे. इसेहून क्योतोला परस्पर गाडी जाते, म्हणजे वाटही वाकडी होत नाही.

परतीच्या सामानाविषयी. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते आणि त्यात बिअरही मोजली जाते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, त्यामुळे माणशी सहा हा आकडा बरोबर बसतो. ३५० मिलिलिटरचे डबे असतील तर पाच. विमानात त्या चेक-इन सामानातच जाव्या लागतात. प्रत्येक बाटली मोज्यात घालून, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, बॅगेच्या मधोमध कपड्यांत उभी ठेवावी. कोणती आणावी याबाबत इतकेच, की आयपीए आणि ताज्या हॉपच्या बिअर तिथेच पिऊन टाकाव्यात, त्या प्रवासात आणि आपल्या उकाड्यात मरतात. जास्त मद्यार्काच्या काळ्या स्टाउट, बार्लीवाइन आणि पिंपात मुरवलेल्या बिअर आणाव्यात. त्या शेवटच्या मुक्कामी विकत घ्याव्यात, म्हणजे चार दिवस खांद्यावर वागवाव्या लागत नाहीत, आणि घरी आल्यावर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये उभ्या ठेवून गाळ खाली बसू द्यावा.